तीस सेकंदांचा कोड

बिबवेवाडीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तिथले कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या प्रियदर्शनीने सोमवारी नवी व्यवस्था बसवली. पेशंटचे रिपोर्ट उघडायचे तर पासवर्डशिवाय काउंटरवरच्या मोबाइलवर दिसणारा सहा आकडी कोडही टाकायचा. तो दर तीस सेकंदांनी बदलणार.

"हा कोड कुणी गोड बोलून काढून घेतला तर?" लॅबच्या मालकीण डॉ. सरोजिनी यांनी विचारलं.

"तर तो आत शिरेल. पण चोराला दुप्पट कष्ट पडतील."

"चोराच्या कष्टांची काळजी आपण कशाला करायची?" एवढं बोलून डॉक्टर आत गेल्या.

गुरुवारी सकाळी काउंटरवरच्या वैजनाथकाकांना ईमेल आली: खातं बंद होतंय, पासवर्ड टाका. काकांनी टाकला. पाचच मिनिटांत फोन आला.

"कंपनीतून बोलतोय. मोबाइलवरचा कोड सांगा."

प्रियदर्शनी आतल्या खोलीत प्रिंटर दुरुस्त करत होती. तिला काकांचा आवाज ऐकू आला.

"चार... सात... थांबा, चष्मा पुसतो. चार, सात, शून्य... अरे, हा बदलला की."

पासवर्ड आधीच फुटला असणार, हे तिने ओळखलं. समोरच्या कॉम्प्युटरवर ती पासवर्ड बदलायला बसली.

"काका, जरा लवकर वाचा ना," फोनवरचा माणूस रडकुंडीला आला होता. स्पीकर सुरू होता.

"घाई करू नका. मी रक्ताचे रिपोर्ट देतो इथे. एक आकडा चुकला तर माणूस हबकतो. हं, नऊ... दोन... गेला हाही."

असे पाच कोड गेले. सहावा येईतो पासवर्ड बदलून झाला. प्रियदर्शनीने काकांपुढे चिठ्ठी धरली: 'हा चोर आहे.'

काकांचा चेहरा उतरला. मग त्यांनी शांतपणे पेन उचललं. "आपलं नाव सांगता? आडनावासकट लिहून घेतो."

फोन कटला.

प्रियदर्शनीला हसू फुटलं ते थांबेचना. ती खुर्चीवरून घसरून जमिनीवरच बसली.

"पासवर्ड मीच दिला हो," काका पुटपुटले.

"आणि कोड कुणाला सांगायचा नाही, हे मीच सांगायला विसरले," ती डोळे पुसत म्हणाली.

आवाज ऐकून डॉक्टर सुई हातात घेऊनच बाहेर आल्या. सगळं ऐकून घेतलं, गंभीरपणे विचारलं, "वीस सेकंदांचा मिळतो का?" आणि स्वतःच खो खो हसू लागल्या.

आतून पेशंटचा आवाज आला, "डॉक्टर, आधी पोटभर हसून घ्या. सुई मग टोचा."