शीतगृह ठीक आहे

भूमच्या खवा संघाच्या शीतगृहातला खवा नासला आणि खापर फुटलं तिथं काम करणाऱ्या कडूबाईंच्या डोक्यावर. दार उघडं टाकलं असणार, असं संचालकांनी परस्पर ठरवलं. चार वाजता बैठक. तिथं त्यांना घरी बसवायचं. चौदा वर्षांची नोकरी.

संघाचा संगणक सांभाळणारा पंचाक्षरी तीन दिवस आपणच लिहिलेल्या जुन्या स्क्रिप्टशी, म्हणजे चार ओळींच्या प्रोग्रॅमशी, डोकं फोडत होता. दर दहा मिनिटांनी थर्मामीटरचा आकडा वाचायचा, पाच अंशांच्या वर असला तर फोनवर धोक्याचा मेसेज, नाहीतर ‘ठीक’. खवा नासत होता तेव्हाही मेसेज ‘ठीक’चेच. त्याचे डोळे चुरचुरत होते.

शेवटी वैतागून त्यानं थर्मामीटरची वायरच उपटली आणि स्क्रिप्ट चालवली. उत्तर आलं, ठीक.

आकडाच आला नाही तर तुलना फसते, आणि फसलेली तुलना स्क्रिप्ट चालवणाऱ्या शेलच्या लेखी साध्या ‘नाही’सारखीच. पाचाच्या वर आहे का? नाही. मग ठीक. म्हणजे शनिवारी शीतगृहाची फेज गेली, तिच्यावरचं थर्मामीटरही गेलं, आणि दुसऱ्या फेजवरचा संगणक खुशाल ‘ठीक’ कळवत बसला. रविवारी फेज आली, कुणाला पत्ताही लागला नाही.

शेल बिचारा दर वेळी तक्रार करत होता. पण पूर्वी वीज गेली की ती तक्रार अध्यक्ष आण्णासाहेबांच्या फोनवर जायची, आणि भूमची वीज काय सांगून जाते? ही कटकट बंद कर, म्हणाले. पंचाक्षरीनं सगळ्या तक्रारी कचऱ्यात वळवल्या होत्या. दुरुस्तीला आता दोन ओळी पुरल्या. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

कडूबाई बाहेर ट्रे धूत होत्या. त्यानं सगळं सांगितलं.

“म्या शनिवारी फोन केलता की तुला,” त्या म्हणाल्या. “दार गार लागंना, म्हणलं.”

त्याला आठवलं. तो लग्नाच्या पंगतीत होता. मेसेज ठीक आलाय ना मावशी, मग हाताचं काय ऐकताय, असं हसून त्यानं फोन ठेवला होता.

“मग संचालकांना का न्हाय सांगितलं?”

“दार उघडं टाकलं का, एवढंच इचारलं त्यांनी. म्या न्हाय म्हणलं. फुडं कुणी इचारलंच न्हाय.”

अंग इतकं आंबलं होतं की घरी जाऊन पडावंसं वाटत होतं. ती स्क्रिप्ट संघात दुसरं कुणी वाचणारही नव्हतं. चार वाजता तो कडूबाईंना घेऊन बैठकीत शिरला.

सापडला का बिघाड, आण्णासाहेबांनी विचारलं.

“मशीन वरडत होतं, आण्णा,” पंचाक्षरी म्हणाला. “म्या त्याचं तोंड दाबलं. अन् मावशींचंबी.”