देवाचा अर्धा आटा

मित्रांनो, आधी मला नीट बघून घ्या. हँडलवर गंजाचे ठिपके आहेत. सीटचं रेक्झिन एका कडेला उसवलंय. खालच्या नळीवर एके ठिकाणी पिवळसर, जाडसर सांधा दिसतो, तो पितळेचा आहे. मी एक जुनी रेसची सायकल आहे, स्टीलची. देवळाली प्रवरातल्या एका घराच्या ओट्यावर, चपलांच्या मांडणीशेजारी मी उभी असते. माझ्या वरच्या भिंतीत दोन आकडे आहेत. त्यांवर आता काहीच टांगलेलं नाही. तिथे काय होतं ते मला सांगायचंय. त्यात माझा दोष आहे तोही मी लपवणार नाही.

माझा जन्म लांब पंजाबातल्या एका कारखान्यात झाला. नळ्या कापल्या, सांध्यांत बसवल्या, आणि ज्वाळेखाली पितळ वितळवून त्यांना एकमेकींत धरून ठेवलं. तिथून मी नगरच्या एका दुकानात आले आणि तिथे मला जॉर्ज सरांनी निवडलं. तेव्हा ते मिशनच्या शाळेत नव्यानेच खेळाचे शिक्षक म्हणून लागले होते. टेम्पोत घालून आणायला ते तयार होईनात. नगरपासून घरापर्यंत त्यांनी मला चालवतच आणलं. दारात आले तेव्हा शर्ट पिळून काढण्यासारखा झाला होता आणि चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

आम्ही जिल्ह्याच्या तीन रेसमध्ये पळलो आणि तिन्ही वेळा दुसरे आलो. बक्षिसाचा स्टीलचा जग अजून स्वयंपाकघरात आहे, त्यात ताक असतं.

सर माझी फार निगा राखायचे. दर शनिवारी मला पालथी घालून चेनला तेल द्यायचे आणि एकेक नट पान्याने आवळायचे. त्यांची एक पद्धत होती. नट पुरता बसला, हात थांबला, की ते क्षणभर श्वास घ्यायचे, "प्रभू, सांभाळ" म्हणायचे आणि आणखी अर्धा आटा फिरवायचे. म्हणायचे, "माणसाची ताकद संपते तिथून पुढचा अर्धा आटा देवाचा." तो अर्धा आटा मला आवडायचा. त्याने माझं अंग कसं एकजीव व्हायचं. इतक्या वर्षांत माझा एकही नट रस्त्यात पडला नाही.

एकदा मात्र मी मोडले. खालच्या नळीवर आधी रंगाला केसाएवढी रेघ पडली, मग त्या रेघेतून गंज दिसला, मग कुरकुर सुरू झाली. सरांनी ओळखलं आणि मला कारभारीच्या दुकानात नेलं. कारभारी तेव्हा नुकताच सायकल दुरुस्तीला बसला होता. त्याने पितळ ओतून मला सांधलं आणि म्हणाला, "सर, स्टीलचं येक बरं हाय. मरायच्या आधी बोंब मारतं."

पुढे सरांचा मुलगा सॅम झाला. सरांनी माझ्या दांड्यावर एक छोटी लाल सीट बसवली, खालून दोन लोखंडी पट्ट्या आणि चार नट. त्या सीटवर बसून सॅमने चर्च पाहिलं, शाळा पाहिली, प्रवरेचं पाणी पाहिलं. मग तो मोठा झाला, मोटरसायकलवर बसला, शुगर फॅक्टरीच्या लॅबमध्ये लागला. लाल सीट माळ्यावर गेली आणि माझ्या चाकांतली हवाही गेली. कितीतरी वर्षं माझ्यावर ओले टॉवेल वाळत घालायचे. तक्रार नाही करत, फक्त सांगते.

सॅमचं एंजेलाशी लग्न झालं, त्यांना जॉय झाली, आणि सरांनी माळ्यावरची सीट पुन्हा खाली काढली. मला नवे टायर मिळाले. अडीच वर्षांची जॉय माझ्या दांड्यावर बसून घंटी वाजवायची आणि नट आवळताना आजोबांबरोबर म्हणायची, "पबू, शांभाळ." एंजेला फाटकात उभी राहून आम्ही वळेपर्यंत बघायची. कितीही सावकाश गेलो तरी ती तशीच बघायची. सॅम तिला चिडवायचा, "हिचं नाव एंजेला नाही, सीसीटीव्ही ठेवायला पाहिजे होतं."

सॅमलाही पुन्हा सायकलीचा नाद लागला. फॅक्टरीतल्या काही जणांचा ग्रुप होता, रविवारी लांब जायचा. गेल्या दिवाळीत त्याने पुण्यातल्या कुणाकडून तरी एक जुनी, पण नव्यासारखी दिसणारी सायकल आणली. काळी, चकचकीत, कुठे सांधा नाही, कुठे जोड नाही. कार्बनची.

"पप्पा, एका हाताने उचला."

सरांनी उचलली आणि दचकलेच. "अरे, ही सायकल आहे का नुसतं चित्र?"

"तुमची बारा किलोची म्हैस घेऊन फिरा तुम्ही. हिच्यावर खड्डासुद्धा कळत नाही. हाताला मुंग्या येत नाहीत."

"खड्डा कळला पाहिजे, बाबा. खड्डा असतोच."

कारभारी मुद्दाम बघायला आला. त्याने नखाने तिच्यावर टकटक केलं, कान लावला. "ही सायकल हाय का पापड?" तो म्हणाला. "लोखंडाला दुखतंय कुठं ते मला कळतं. हिचं बोलनं मला न्हाई कळत." सगळे हसले. सॅमही हसला.

रोज संध्याकाळी त्या बापलेकांचा हाच वाद चालायचा. सर म्हणायचे, स्टील पिढ्यान्‌पिढ्या टिकतं, मोडलं तर जोडता येतं. सॅम म्हणायचा, पप्पा, जग पुढे गेलंय. खरं सांगू? दोघांचंही बरोबर होतं. ती पळायला खरंच छान होती. तिचा आवाज यायचा नाही, वाऱ्यासारखी जायची. माझ्या वरच्या भिंतीत तिच्यासाठी दोन आकडे ठोकले गेले, आणि मी तिचा राग राग करू लागले.

मग जॉयने हट्ट धरला. पप्पांच्या काळ्या सायकलवर बसायचं. लाल सीट माझ्या अंगावरून काढली गेली. मला तो दिवस नीट आठवतो, कारण सगळं माझ्यासमोर, याच ओट्यावर घडलं.

तिचा वरचा दांडा माझ्याहून जाड होता. त्यावर बारीक पांढऱ्या रंगात एक चित्र होतं, माझ्या जागेवरून मला ते स्पष्ट दिसायचं. पकडीसारखे दोन जबडे आणि त्यावर फुली. खाली मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं. रंगाला ओरखडे पडू नयेत म्हणून सरांनी तिथे जुन्या ट्यूबचं रबर गुंडाळलं. चित्र रबराखाली गेलं. रबरावर लोखंडी पट्ट्या आल्या, पट्ट्यांना नट लागले.

सॅमने सायकल धरली होती आणि एंजेला जॉयला कडेवर घेऊन उभी होती. "हलत नाही ना? पप्पा, अजून घट्ट करा. पोरगी बसणार आहे त्यावर."

सरांनी नट पुरता बसवला, श्वास घेतला. जॉय ओरडली, "प्रभू, सांभाळ!" आणि सरांनी चारही नटांना देवाचा अर्धा आटा दिला.

मला एक आवाज आला. कोरडं पान चुरल्यासारखा, अगदी हलका. तो त्या चौघांपैकी कुणालाच ऐकू गेला नाही.

तीन-चार रविवार जॉय त्या सीटवर बसून चर्चला गेली. मग एक टिक सुरू झाली. जॉय सीटवर टेकली की टिक. सॅम ओट्याची पायरी उतरवायचा की टिक. सगळ्यात आधी ती एंजेलाने ऐकली.

"हे कसलं वाजतंय?"

"चेन असेल गं."

"चेन नाही. ती बसली की वाजतं."

सर पाना घेऊन आले. त्यांना एकच कारण माहीत होतं. वाजतंय म्हणजे सैल झालंय. त्यांनी चारही नटांना आणखी अर्धा अर्धा आटा दिला. टिक थांबली. एंजेलाने मान हलवली, पण तिच्या कपाळावरची आठी गेली नाही.

आणि मित्रांनो, मी काय करत होते? मला कळलं होतं. जी एकदा मोडली आहे तिला तो आवाज ओळखता येतो. मी बोलू शकत नव्हते हे खरं, पण मला वाईटसुद्धा वाटलं नाही. मनात आलं, होऊ दे हिची फजिती, मग येतील परत माझ्याकडे. एवढंच मनात आलं होतं. त्याची लाज मला अजून सोडत नाही.

नाताळला चार दिवस राहिले होते. ओट्यावर कागदाची चांदणी लावली होती. सॅमची बहीण मार्था कोल्हारला राहते, तिच्याकडे करंज्यांचा डबा पोचवायचा होता. ठरलं होतं की सॅम आणि जॉय काळ्या सायकलवरून जातील. जॉयने नवा लाल स्वेटर घातला होता. सॅमने तिला सीटवर ठेवलं.

टिक.

एंजेला पुढे आली आणि तिने जॉयला उचलून घेतलं.

"अगं, पुन्हा काय?"

"आज नको. मी हिला स्कूटीवर आणते मागून. डबाही आणते. तूही गाडीवरच चल ना."

"तुझे कान आहेत का डॉक्टरचं मशीन? लोकांना काय ऐकू येतं आणि तुला काय!" तो हसत म्हणाला. "बघ, मी तुझ्या आधी पोचतो. ताईला सांग, हरलेल्याने भांडी घासायची."

जॉय रडत होती, मला पप्पांबरोबर जायचं. सॅमने वळून तिला हात केला. रिकामी लाल सीट घेऊन तो गेला. मी पाहिलेला तो शेवटचा सॅम.

पुढचं मी पाहिलं नाही. ओट्यावर जी माणसं आली, त्यांच्या तोंडून मला तुकड्या-तुकड्याने कळलं. कोल्हारच्या पुलाच्या अलीकडे उतार आहे. उसाच्या ट्रॉल्यांनी तिथला रस्ता उखणला आहे. एका खड्ड्यात पुढचं चाक आदळलं, आणि वरचा दांडा काडीसारखा तुटला. मागून उसाने भरलेला ट्रॅक्टर येत होता. त्याला थांबता आलं नाही. पंधरा मिनिटांनी एंजेलाची स्कूटी तिथे पोचली. लोकांनी जॉयचे डोळे झाकले. कुणाच्या तरी उपरण्याने झाकले असं म्हणतात.

त्या नाताळला चांदणी पेटली नाही.

आठ दिवसांनी कारभारी टेम्पोतून काळ्या सायकलचे तुकडे घेऊन आला. त्याने ते माझ्याशेजारी भिंतीला टेकवले. लाल सीट अजून घट्ट होती. हलली नव्हती. कारभारीने नट सोडले आणि रबर उलगडलं. दांडा बरोबर पट्टीच्या रेषेत चेपला होता आणि तिथूनच तुटला होता. रबराखालून ते पांढरं चित्र निघालं. एंजेला खाली बसली आणि तिने ती मुंगीएवढी अक्षरं मोठ्याने वाचली. मग त्यांचा मराठीत अर्थ सांगितला. इथे काहीही आवळू नका.

"मीच म्हणाले होते, पप्पा," ती म्हणाली. "अजून घट्ट करा, असं मीच म्हणाले होते."

सर आपल्या हातांकडे बघत होते. "हात माझा होता, बाळ."

"आवो, कुनाचा बी न्हाई," कारभारी म्हणाला. पण त्याचा आवाज त्यालाच पटत नव्हता. जाताना तो ते तुकडे घेऊन गेला. लाल सीट आणि पाना मात्र त्याने खिडकीत ठेवले.

भेटायला येणारे माझ्याकडे बोट दाखवून सरांना म्हणायचे, "सर, तुमचंच खरं होतं. लोखंड ते लोखंड." माझं इतकं कौतुक रेसमध्येसुद्धा झालं नव्हतं. प्रत्येक वेळी मला ओट्यावरून कोसळावंसं वाटायचं. ती कमजोर नव्हती, मित्रांनो. तिला जे सोसत नव्हतं ते तिने अंगावर लिहून ठेवलं होतं. आम्ही तिला माझ्यासारखी समजलो. माझी निगा तिच्यावर केली.

गेल्या महिन्यात जॉय पाच वर्षांची पूर्ण झाली. रविवारी चर्चला निघायच्या आधी ती खिडकीतली लाल सीट घेऊन आली आणि सरांच्या मांडीवर ठेवली. "आजोबा, जुन्या सायकलवर लावा."

सरांनी एंजेलाकडे पाहिलं. ती पुढे आली. मग माझ्यापाशी बसली आणि माझ्या दांड्यावरून, सांध्यांवरून, पितळेच्या जोडावरून बोट फिरवत गेली. कुठे रेघ आहे का, कुठे काही लिहिलंय का, ते बघत. मग म्हणाली, "लावा."

सरांनी पाना घेतला. एक नट, दुसरा, तिसरा, चौथा. पुरते बसले. हात थांबला. पाना खाली ठेवून ते उठू लागले.

"आजोबा," जॉय म्हणाली, "देवाचा राहिला ना."

मित्रांनो, माझ्या अंगाला तो अर्धा आटा सोसतो. मला तो हवाही असतो. तरी सरांचा हात पान्यापर्यंत गेला आणि तिथेच अडला. शेवटी एंजेलाने त्यांच्या हातावर हात ठेवला आणि दोघांनी मिळून तो फिरवला. या वेळी "प्रभू, सांभाळ" फक्त जॉय म्हणाली.

तुमच्या घरी जुनी सायकल असेल तर तिला तेल द्या, हवा भरा, एवढं मी मागू शकते. पण नवी कुठलीही वस्तू घरात आली, तर आधी तिच्या अंगावरची बारीक अक्षरं वाचा. वाचता येत नसतील तर कुणाला तरी वाचायला सांगा. त्यावर रबर गुंडाळू नका. आणि घरातलं कुणी म्हणालं, काहीतरी वाजतंय, तर हसू नका. थांबा. तिच्याबरोबर कान लावा.

जॉय माझ्यावर बसून चर्चला जाते. एंजेला आता फाटकात उभी राहत नाही. ती आमच्या शेजारून, सीटवर एक हात ठेवून, चालत येते.