मानाची नळी

आमच्या ह्यांच्या दाढेचं रूट कॅनॉल झालं आणि घरात एक नवा पैलवान तयार झाला. डॉक्टरीणबाईंनी माझ्यासमोर बजावलं होतं, "नस काढलीय, दाढ आता ठिसूळ झालीय. कॅप बसेपर्यंत त्या बाजूनं कडक काही चावू नका." ह्यांनी त्यातलं 'नस काढलीय' एवढंच ऐकलं.

"दुखणारी नसच नाय, तर बिघडणार काय?" असं म्हणत सर्जेराव, म्हणजे आमचे हे, भाजलेले हरभरे नेमके त्याच बाजूनं फोडायला लागले. कॅपची तारीख आली आणि गेली. पुंडलिकनगरातल्या निम्म्या गल्लीला हे ज्ञान त्यांनी फुकट वाटलं.

त्यातच आमच्या लेकीचं, मोनालीचं लग्न जमत आलं. मुलगा इंद्रजीत, वेरूळजवळच्या गावचा. पोरांनी एकमेकांना केव्हाच पसंत केलेलं, आता फक्त वडीलमाणसांचं जुळायचं होतं, आणि तिथंच माझा जीव टांगणीला लागलेला. मुलाचे वडील पुंजारामभाऊ मानपानाला फार जपतात, हे लेकीनं दहादा सांगितलं होतं.

त्यांच्याकडं जेवायला गेलो. मटणाचा बेत होता. पुंजारामभाऊंनी पातेल्यातली सगळ्यात मोठी नळी स्वतःच्या हातानं ह्यांच्या ताटात वाढली.

"पाव्हणं, आमच्यात नळीचा मान व्याह्याचा. नुसती चोखायची नाय, फोडून खायची."

मी स्वयंपाकघराच्या दारातून डोळे वटारले. हे म्हणाले, "त्यात काय," आणि नळी दाढेखाली धरली. कट्ट आवाज आला. पुंजारामभाऊ खूश झाले. नळी मात्र जशीच्या तशी होती; ती ह्यांनी हळूच भाकरीखाली सरकवली. "रस्सा लई झणझणीत हाय," म्हणून डोळे पुसले आणि तोंडात जे काय उरलं होतं ते पाण्याबरोबर गिळलं.

सकाळी गाल टम्म फुगला. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला. दाढ मुळापर्यंत चिरली होती.

"पण नस नाय, मग दुखतंय कसं?" ह्यांनी विचारलं.

"नस दाढेतली काढली होती. भोवतीची हिरडी आणि हाड जिवंतच आहे. वेळेवर कॅप बसवली असती तर बहुतेक वाचली असती. आता काढावीच लागेल."

हे तोंडात कापूस धरून घरी बसले होते, तेवढ्यात इंद्रजीतच्या आईचा, साळूबाईंचा फोन आला. मी स्पीकर लावला. सोयरीक पक्की, म्हणाल्या. मला रडूच आलं, आणि त्या भरात मी नळीपायी दाढ गेल्याचं सांगून टाकलं.

"अवं विहीणबाई, सोडून द्यायची की त्यांनी ती," साळूबाई हळहळल्या. "आमच्या ह्यांना खालीवर कवळी हाय. नळी चावत नाय, म्हणून तर येईल त्या पाव्हण्याला मान देत्यात."

हे तोंडातला कापूस काढून म्हणाले, "येत्या रविवारी त्यांना जेवायला बोलाव. मटण मी आणतो."