कापसाच्या गोदामात खलनायक

मित्रांनो, झरीच्या फाट्यावरून गावाकडे निघालात की उजव्या हाताला पत्र्याचं एक लांबलचक गोदाम लागतं, तेच मी. मला बांधलं कापसासाठी. सुगीत कापूस पार छताला टेकतो आणि माझ्या पोटात कुणी बिडीसुद्धा पेटवत नाही. माझी किल्ली शेजारच्या कमलबाईंकडे असते. त्या मला रोज झाडतात. कापूस नसला की माझ्या फरशीवर गावातली लग्नं लागतात.

गेल्या उन्हाळ्यात सिनेमावाले आले. मी म्हणे खलनायकाचा गुप्त अड्डा! मला आनंद झाला, पण काही उमजेना. लपायचं होतं तर एवढे दिवे कशाला? ऐन उन्हाळ्यात पिंपांत जाळ कशाला? त्यांनी माझ्या चांगल्या काचा फोडल्या, कमलबाईंनी झाडलेल्या कोपऱ्यांत विकतची कोळिष्टकं लावली. पहारेकरी सगळे पुढच्या दाराशी, आणि नायक मागच्या उघड्या दारानं आत. साधी कडी लावायचं एकालाही कसं सुचलं नाही?

नायकाच्या बहिणीला खुर्चीला बांधलं, तेव्हा कमलबाई तांब्या घेऊन सरळ आत शिरल्या.

"आवं, आलेल्या मान्साला आधी पानी तरी इचारा!"

दिग्दर्शकानं कपाळाला हात लावला. चूक कुणाची, ते मला अजूनही कळलेलं नाही.

सिनेमा लागला आणि माझं नाव खराब झालं. कमलबाईंच्या लेकीचं, सृष्टीचं लग्न माझ्याच फरशीवर ठरलं होतं. गंगाखेडहून नवऱ्या मुलाचे मामा चंद्रभान यांचा फोन आला, "असल्या गुंडाच्या जागंत आमी वऱ्हाड आननार न्हाई." कमलबाई माझ्या उंबऱ्यावर बसून रडल्या. मला फार लाज वाटली. पण मी केलं काय होतं?

मग एका सकाळी मामा स्वतःच जागा बघायला आले, तेही कुणाला न कळवता. दारात पोचतात तर कमलबाई तांब्या घेऊन उभ्या.

"मी यायलोय हे तुमाला कसं कळलं?" मामा चक्रावले.

"तुमी फाट्यावर उतरल्यापासून सगळं गाव सांगायलंय, सृष्टीचे मामेसासरे आले म्हनून."

मामा घटाघटा पाणी प्याले. वर माझ्या फुटक्या काचांकडे बघितलं आणि एकदम हसत सुटले. "फाट्यापासून जो तो इचारायलाय, कोन्या गावचे पाव्हने? मला एकट्याला गुमान येता आलं न्हाई. इथं गुंडांची टोळी कुठं लपंल हो, बाई?"

लग्न लागलं. सिनेमावाल्यांनी भिंतीवर रंगवलेली कवटी पुसायची राहून गेली होती, तिच्यासमोरच अंतरपाट धरला. अक्षता तिच्याही डोक्यावर पडल्या. मला हसावं की रडावं कळेना, पण सृष्टी हसत होती.

मित्रांनो, सोंग आणणारे निघून जातात, फुटलेल्या काचा मात्र आमच्याकडेच राहतात. लपायला माझ्याइतकी वाईट जागा जिल्ह्यात नसेल, पण माणसांनी यायला मी चांगलं आहे. तेवढ्या काचा बसवून द्या. सुगी जवळ आली आहे आणि कापूस भिजेल.