उस्तादांचा रस्ता

किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा तो रस्ता उस्तादांना तोंडपाठ होता, आणि ही गोष्ट त्यांनी आयुष्यात कधी कुणापासून लपवून ठेवली नव्हती. एका बाजूला काळा कडा, दुसऱ्या बाजूला खाली खोल समुद्र आणि मधून वळणं घेत जाणारा तो अरुंद रस्ता. त्यावरून त्यांनी उभा जन्म संध्याकाळची बस चालवली होती. डेपोतले लोक त्यांना उस्ताद म्हणत, इतकं की खरं नाव बायकोलाही आठवून सांगावं लागे. निवृत्त झाल्यावर त्यांनी जुनी का होईना, एक छोटी गाडी घेतली आणि पहिलं काम काय केलं, तर बायकोला शेजारी बसवून आपला रस्ता दाखवायला निघाले.

बिचारीने तो कधी पाहिलाच नव्हता. ऐकला मात्र रोज होता. दरड कुठे कोसळते, धुकं कुठे उतरतं, कुठल्या वळणावर नवशिके ड्रायव्हर देवाचं नाव घेतात, हे सगळं ती रात्री ताट वाढून समोर बसून ऐकत आली होती. घरातला नवरा तिने पुष्कळ पाहिला होता. रस्त्यावरचा उस्ताद तिने एकदा तरी पाहावा, त्यांना पाहून लोक कसे उठून उभे राहतात ते पाहावं, एवढीच त्यांची हौस होती.

"आता समुद्र येईल बघ," ते म्हणाले, आणि वळण संपताच तो आला, उन्हात चकाकणारा, पार क्षितिजापर्यंत. उस्तादांची छाती अशी फुगली, की जणू तो त्यांनीच आदल्या दिवशी भरून ठेवला होता. ती काचेतून बघत राहिली. मग सहज म्हणाली, "अहो, इथे दुसरा गिअर टाका. उतार दिसत नाही, पण गाडी ओढते."

उस्तादांना कोण आनंद झाला. आपण काय सांगितलं असेल आणि कसं सांगितलं असेल, म्हणून तर घरात बसून बाईला उतार कळला! त्यांनी ते तिला बोलूनही दाखवलं, आणि ती नेहमीसारखी हसली.

पुढच्या वळणावर ती म्हणाली, "कठडा नवा बांधलेला दिसतोय."

उस्तादांनी पाहिलं. दगड खरंच कोरे होते, त्यांच्यावर शेवाळाचा डागही नव्हता. जुन्या कठड्याबद्दल आपण हिला कधी काही सांगितलं होतं का, हे ते आठवू लागले. आठवलं नाही. सांगितलंच असेल, म्हणून त्यांनी तो विषय सोडून दिला.

चढ संपला की खाली टपरी होती. त्या रस्त्यावरची रीत अशी, की बसचा ड्रायव्हर वरच्या वळणावरूनच आपला हॉर्न द्यायचा. प्रत्येकाचा हॉर्न वेगळा. तो ऐकून टपरीवरची बाई ओळखायची कोण येतंय, आणि बस खाली पोहोचेपर्यंत त्याच्या आवडीचा चहा तयार असायचा. उस्तादांनी हॉर्न दिला, दोन तुटक आणि एक लांब. वळणावरून टपरी स्पष्ट दिसत होती. बाई बाकावर बसून होती, तिने मानसुद्धा वर केली नाही. त्यांनी पुन्हा दिला. मग बायकोने शेजारून हात पुढे केला आणि हॉर्न एकदाच दाबला, लांब, शेवटी हळूहळू सोडलेला. खाली बाई लगबगीने उठली आणि तिने स्टोव्ह पेटवला.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"शिकवायचं काय त्यात?" ती म्हणाली.

टपरीवर बाकावरचे दोघे उठून उभे राहिले. "या उस्ताद," टपरीवाली म्हणाली. त्यांनी हसत हात वर केला. ती त्यांच्या शेजारून पुढे गेली आणि बिनसाखरेचा ग्लास तिने बायकोच्या हातात ठेवला.

"अहो बाई, मला ओळखलं नाही? संध्याकाळची बस."

टपरीवालीने त्यांच्याकडे पाहिलं, पाहुण्याकडे पाहावं तशा अदबीने. "संध्याकाळची बस या बाईंचीच की. बरीच वर्षं." मग बायकोकडे वळून तिने विचारलं, "हे कोण?"

"आमचे मालक," बायको चहा फुंकत म्हणाली. "घर यांनी सांभाळलं, म्हणून मी निर्धास्त चालवू शकले. यांना एकदा रस्ता दाखवायचा, असं फार मनात होतं."

बाकावरच्या दोघांनी कौतुकाने माना डोलावल्या.

नवऱ्याला राग यायला हवा होता. पुढच्या वळणाचं नाव सांगून सगळ्यांची तोंडं बंद करावीत, म्हणून त्याने तोंड उघडलंही. नाव आलं नाही. वळण कुठल्या हाताला आहे तेही आलं नाही. त्याने घाबरून बायकोकडे पाहिलं, तर ती ग्लास खाली ठेवत होती आणि गाडीची किल्ली तिच्या हातात होती. किल्ली आपणच दिली असणार, कारण मागितल्याचं तर त्याने ऐकलं नव्हतं. तो मुकाट्याने दुसऱ्या बाजूने आत बसला.

तिने गाडी काढली. वळण आलं, आणि ते तिने असं घेतलं की पुढ्यातल्या बाटलीतलं पाणीसुद्धा हललं नाही. समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याने कपाळाला हात लावून तिला सलाम केला. शेजारी बसलेल्या नवऱ्याचा ऊर भरून आला. अभिमान तोच होता, ओळखीचा, मघापर्यंतचा. त्यात खोट अशी कुठेच सापडत नव्हती. अशी बायको मिळायला भाग्य लागतं, हे त्याला अगदी मनापासून वाटलं.

समुद्र पुन्हा दिसला. एवढा मोठा असेल असं त्याला वाटलं नव्हतं. आणि तो बघता बघता त्याच्या डोळ्यांपुढे स्वयंपाकघरातली फळी उभी राहिली, लख्ख, डब्यांसकट. कुठल्या डब्याचं झाकण घट्ट बसतं, डाळ कुठे, मीठ कुठे, दूध उतू जाण्याआधी भांडं कसं वाजतं, सगळं त्याला ठाऊक होतं. फक्त निघताना गॅस बंद केला होता की नाही, ते काही केल्या आठवेना. उस्तादांना विचारावं असं त्याला फार वाटलं. पण गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये, एवढं त्याला कळत होतं.