डुकराचं नाक आणि शेवटचा दिवा

मित्रांनो, मी एक जुना ट्रान्सफॉर्मर आहे. जुना म्हणून माझी कीव करायच्या आधी मला एका हाताने उचलून दाखवा. माझ्या पोटात अस्सल तांब्याची तार आहे आणि लोखंडी पत्र्यांची जाडजूड चळत आहे. भिंतीतून दोनशे वीस व्होल्ट येतात, ते मी एकशे दहावर आणतो आणि पुढे देतो. एवढंच माझं काम, पण त्यात मी कधी कुचराई केली नाही.

कोरियातल्या बुसान शहरात, एका बोळातल्या कारखान्यात माझा जन्म झाला. त्या काळी घरांत यंत्रं होती एकशे दहाची आणि भिंतीत नव्याने दोनशे वीस येऊ लागले होते. मग आमच्यावाचून कोणाचं पान हलतंय! फ्रीज, पंखा, शिवणयंत्र, सगळे माझ्या जिवावर चालायचे. मी दिवसरात्र गुणगुणत असायचो. हिवाळ्यात घरची मांजर दुसरीकडे कुठे झोपायची नाही, माझ्या कोमट पाठीवरच यायची.

पुढे यंत्रंही दोनशे वीसची आली आणि माझी रवानगी बाल्कनीत झाली. तिथे मला किमचीच्या, म्हणजे कोबीच्या तिखट लोणच्याच्या, बरणीवर वजन म्हणून ठेवलं. कोबीची पानं रसात बुडून राहावीत, एवढ्यासाठी! खूप वाईट वाटलं मला. लसणाचा वास तर अंगाला असा चिकटला की अजून जात नाही. घर बदलताना त्यांनी मला भंगारात दिलं आणि मी फिलसूच्या जुन्या सामानाच्या दुकानात येऊन पडलो. तो मला फोडून तांबं काढायच्या बेतात होता.

तेवढ्यात बोकनाम आली. हिने जन्मभर केस कापायचं दुकान चालवलं आणि ते बंद केल्यावर फोटोग्राफीचा छंद धरला. न्हाणीघराच्या खिडकीला घोंगडी लावून, अंधार करून ती तिथेच फोटो छापायची. फोटो मोठा करायचं तिचं यंत्र जपानी, एकशे दहावर चालणारं. त्याचे दिवे बनणं केव्हाच थांबलं होतं आणि तिच्याकडे दोनच उरले होते. गल्लीतल्या वाचनालयात प्रदर्शन भरणार होतं. तिथे स्वतःच्या हाताने छापलेला एक तरी फोटो लावायचा, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

पण तिचा आधीचा ट्रान्सफॉर्मर जळाला आणि तिचा नवरा तेकसू मदतीला धावला. जहाजावर स्वयंपाकी म्हणून आयुष्य काढलेला हा उत्साही गडी. आमच्याकडे चपट्या पिनांच्या प्लगवर बसवायचा एक छोटा तुकडा मिळतो, त्याला सगळे डुकराचं नाक म्हणतात. तो लावला की जुना प्लग नव्या भिंतीत सहज शिरतो. पण व्होल्ट काही कमी होत नाहीत! तेकसूने नाक लावलं, प्लग भिंतीत खुपसला आणि दिवा फट्‌दिशी उडाला. बोकनामने त्याला जेवायला वाढलं, पण त्या दिवसापासून त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. आता एकच दिवा शिल्लक होता.

फिलसूने तिच्यापुढे एक नवा चकचकीत ट्रान्सफॉर्मर ठेवला. "ताई, हा न्या. हलका आहे, पिशवीत मावेल."

"हलका तर घरी नवराच आहे," ती म्हणाली. "मला वजनदार द्या."

तिने माझ्यावरची पाटी पुसून वाचली. फिलसूला मीटर लावायला लावला. काटा एकशे दहावर जाऊन गप उभा राहिला. अहो, राहणारच! मी काय कालचं पोर आहे?

टेकडीवरच्या त्यांच्या घरापर्यंत मला दुकानाबाहेर थांबलेल्या तेकसूने वाहून नेलं. वाटेत तो दर वळणावर कण्हत होता आणि ती मागे वळूनही पाहत नव्हती. न्हाणीघरात तिने शेवटचा दिवा यंत्रात बसवला, प्लग हातात घेतला आणि थांबली. तिचा हात पुढे होईना.

तेकसू उठून आत गेला आणि चामड्याची एक डबी घेऊन आला. तीत त्याचं दाढीचं यंत्र होतं. तरुणपणी जपानातल्या योकोहामाच्या बंदरात घेतलेलं, एकशे दहाचं. त्याला तो कोणालाही हात लावू द्यायचा नाही.

"थांब," तो म्हणाला. "जळायचंच असेल तर आधी माझं जळू दे."

खरं सांगतो, आधी मला रागच आला. माझी परीक्षा घेतोय! पण इतकं जपलेलं यंत्र त्याने स्वतःहून पुढे केलेलं पाहिलं आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. त्याने फोटोच्या यंत्राच्या प्लगवर अजून अडकलेलं डुकराचं नाक उपटून टाकलं आणि दाढीच्या यंत्राचा प्लग माझ्या अंगात बसवला. मी दम धरून गुणगुणायला लागलो. दाढीचं यंत्र घुर्रर्र करून चालू झालं! तेकसूने आरशात न बघताच एक गाल साफ केला आणि दुसरा गाल तसाच ठेवून, तोंडभर हसत बायकोकडे वळला.

"हलू नका," बोकनाम म्हणाली आणि तिने कॅमेरा उचलला. कित्येक दिवसांनी ती त्याच्याशी बोलली होती.

त्या शेवटच्या दिव्याखाली पहिला छापला गेला तो हाच फोटो. प्रदर्शनात लावायला तिने बंदराचा फोटो काढून ठेवला होता, तो राहिला बाजूला. भिंतीवर लागला अर्ध्या दाढीचा तेकसू. त्याची दुसरी प्रत आता माझ्या डोक्यावरच टांगलेली आहे. घरी येणारे विचारतात, की खाली कोपऱ्यात तो किमचीच्या बरणीवरचा दगड आहे का? तेकसू म्हणतो, "दगड कसला? या घरात सगळ्यात भरवशाचा तोच. त्याच्या खालोखाल मी."

तर मित्रांनो, पिना भोकात बसल्या म्हणून काम जमलं असं समजू नका. समोरच्याला किती झेपतं ते आधी पाहा. आणि कुठल्या बरणीवर माझा एखादा भाऊ बसलेला दिसला, तर त्याला भंगारात द्यायच्या आधी जाणत्या माणसाकडून एकदा तार जोडून घ्या. तो अजून गुणगुणत असेल.