हाज अम्मारचा खड्डा

माझ्या जावयाने गॅरेजातला खड्डा बुजवला. विचारलं नाही, सांगितलं नाही. मी कैरवानला बहिणीकडे आठ दिवस राहायला गेले आणि परत आले तर माझ्या नवऱ्याने स्वतःच्या हाताने खणलेल्या खड्ड्याच्या जागी गुळगुळीत सिमेंट, अन् त्यावर दोन निळ्या खांबांची लिफ्ट. बटण दाबलं की गाडी वर. लसाद मला बटण दाबदाबून दाखवत होता, लहान मुलीला खेळणं दाखवावं तसा. म्हणे, आता कोणाला उंदरासारखं जमिनीत शिरायला नको. अरे, त्याच जमिनीत शिरून तुझ्या बायकोला वाढवलंय. पण हे मी बोलले नाही, कारण हनूनाने माझा हात दाबला होता. माझी मुलगी हात दाबते तेव्हा मी गप्प बसते. वर्षातून दोनदा.

आमचं गॅरेज मेदनीनच्या टॅक्सी-अड्ड्याच्या मागे आहे. माझा नवरा हाज अम्मार जिवंत होता तोवर अड्ड्यावरच्या लांब पेजो गाड्यांचं पुढचं काम, म्हणजे स्प्रिंग, शॉकअप, चाक धरणारा आर्म, आर्मच्या सांध्यातले रबरी बुश, दुसऱ्या कोणाच्या हाताला लागत नसे. तो गेल्यावर पाटीवर नाव त्याचंच राहिलं, पाना लसादच्या हातात आला.

लसादचं काम दिसायला सुरेख. हे मी वैऱ्यासमोरही कबूल करीन. स्फॅक्सला दोन वर्षं शिकून त्याने प्रमाणपत्र आणलं, ते काचेत घालून भिंतीवर लावलंय. गाडीचा पुढचा भाग उलगडला की एकेक तुकडा रॉकेलने धुणार, पांढऱ्या फडक्यावर ओळीने मांडणार. स्प्रिंग शिकंज्यात दाबताना तोंड बाजूला ठेवणार, कारण ती सुटली तर माणसाचा जबडा घेऊन जाते. बॉल जॉइंटला ग्रीस, नटाला पिन, पिनेची टोकंसुद्धा वेणीसारखी दोन बाजूंना वळवलेली. सगळं इस्त्रीच्या सदऱ्यात, ताठ उभ्याने, कारण गाडी वर आणि चाकं हवेत लोंबत.

अड्ड्यावरच्या बलगासम ड्रायव्हरची गाडी लसादने दुरुस्त करून दिली, ती तेराव्या दिवशी परत आली. तुजानच्या घाटात पुढून कुरकुरते, वळणावर खट वाजतं, आणि डावा टायर आतल्या बाजूने चाटून खाल्लेला. लसादने आर्म काढला तर बुशाचं रबर फाटलेलं. रबरच हलकं निघालं, असं म्हणून त्याने नवे बुश बसवले. त्यानंतर सोळाव्या दिवशी गाडी पुन्हा दारात.

या तिसऱ्या वेळी गाडी दारात सोडून बलगासम गॅरेजमध्ये गेलाच नाही. पायी आमच्या घरी आला. मी चहा पुढे ठेवला, त्याने पेल्याला हात लावला नाही, तेव्हाच मी समजले. मोठी ईद आठ दिवसांवर होती. ईदेला गाडीत माणसं, टपावर मेंढे, अशा दिवसाला चार फेऱ्या होतात. ड्रायव्हरांनी आपसात ठरवलं होतं की एवढ्या ईदेत बलगासमची गाडी टिकली तर ठीक, नाहीतर अकराच्या अकरा गाड्या समोरच्या गॅरेजात जाणार. समोरचा त्यांना रोज हाका मारतच होता. बलगासम म्हणाला, हाजीच्या पाटीकडे बघून मी आधी तुमच्याकडे आलो, मावशी, मागाहून कानावर पडू नये म्हणून.

मी म्हटलं, "चहा पी. गाडी टिकेल."

शब्द देऊन बसले. मग रात्रभर विचार केला नाही, कारण विचार करण्यासारखं काही नव्हतंच. चूक मला पहिल्या दिवसापासून दिसत होती. मी दोन इयत्ता शिकले, पण एकतीस वर्षं त्या गाड्यांमध्ये बसले आहे. प्रवासाला नाही. वजन म्हणून.

हाज अम्मार आर्म, बुश सगळं जोडायचा, पण आर्मचे बोल्ट सैल ठेवायचा. गाडी चाकांवर उतरवून खड्ड्यावर घ्यायचा, मागे रव्याच्या गोण्या टाकायचा, अड्ड्यावरून माणसं बोलावून आत भरायचा, आणि पुढच्या सीटवर मला. बाकीचे बसले की चुळबुळ करतात, तू बसलीस की बसलीस, म्हणायचा. मी मांडीवर हरभरे निवडत बसायची आणि तो खड्ड्यात उतरून शेवटचा पाना द्यायचा. कधी माझ्याशिवाय दिला नाही.

सकाळी मी गॅरेजात गेले. लसादला विचारलं, आर्मचे बोल्ट केव्हा आवळतोस. तो म्हणाला, वरच. चाकं लोंबत असताना? त्याने असा श्वास सोडला, जसं मी त्याला विमानाचं काही विचारलंय.

"लसाद, तुझ्या बायकोच्या झग्याची बाही मी शिवते. तिने हात खाली सोडला असताना मी बाही घट्ट शिवून टाकली आणि जन्मभर तिला हात वर करून चालायला लावलं, तर काय होईल?"

"काखेत फाटेल."

"मग चाक लोंबत असताना आवळलेल्या रबराला काख नाही का?"

माझा जावई आडमुठा आहे, पण मठ्ठ नाही. फडक्यावरचा फाटका बुश उचलून त्याने बोटांत पिळून बघितला, मग आर्मकडे बघितलं, मग लोंबणाऱ्या चाकाकडे. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. म्हणाला, ठीक आहे, खाली उतरवून आवळतो.

"रिकामी?"

"पुस्तकात रिकाम्या गाडीचंच माप आहे, आई."

"पुस्तक लिहिणाऱ्याची गाडी रिकामी फिरत असेल. बलगासमची कधी फिरली? सातवा उतारू मिळेपर्यंत हे लोक दोन-दोन तास उन्हात बसतात, पण गाडी हलवत नाहीत."

आता त्याचं त्यालाच कळलं. भरलेली गाडी इतकी खाली बसते की तिच्याखाली निजून पाना फिरत नाही. लिफ्टवर घेतली की चाकं पुन्हा लोंबली. तो त्या गुळगुळीत सिमेंटवर टाच ठोकून हळूच म्हणाला की खणावं लागेल.

कुदळ मी घरून निघतानाच आणली होती.

लिफ्टच्या दोन खांबांमधलं सिमेंट चार बोटं निघालं, खाली ओढ्याची वाळू. लसादने सदरा काढून खुंटीला लावला आणि एकट्याने खणलं. मदतीला कोणी पुढे झालं की मी नुसतं बघायची, तो मागे सरकायचा. अड्ड्यावरून ड्रायव्हर जमले. एकाने विचारलं, विहिरीला पाणी कितीवर लागलं. दुसरा म्हणाला, उंदीर परत बिळात चालला. लसादने मान वर केली नाही. दुपारच्या अजानीला तळ लागला, आणि तळाशी माझ्या नवऱ्याचं पत्र्याचं स्टूल. तेसुद्धा न काढता वरून वाळू ओतली होती. त्याने ते सदऱ्याने पुसलं. इस्त्रीच्या सदऱ्याने.

मग पुन्हा सगळं जोडलं. नवे बुश, आर्म, स्प्रिंग, शॉकअप, चाकं. बोल्ट हातानेच फिरवून सैल. गाडी खड्ड्यावर आली. मागे गोण्या टाकल्या, बलगासम स्टिअरिंगवर बसला, मागच्या दोन ओळींत हनूना आणि पाच ड्रायव्हर दाटीवाटीने. पुढे मी. मागून नूरी, अड्ड्यावरचा सगळ्यात वाचाळ ड्रायव्हर, म्हणाला, "मावशी बसल्या, आता गोण्या काढल्या तरी चालतील."

"काढ. तुझं डोकं रिकामं आहे, तेवढी तूट मी भरून काढते."

गाडी हसण्याने हलली. ते बरंच झालं, हलून ती आपल्या जागी बसली. मी सगळ्यांना गप्प केलं. मांडीवर हरभऱ्यांचं ताट होतं. ताटातला एक दाणासुद्धा हलेना तेव्हा मी पायाने तळाला दोनदा ठोकलं. हाच इशारा होता माझा आणि नवऱ्याचा, लसादला मी तो आधी सांगून ठेवला होता.

खालून पाना फिरल्याचा आवाज आला. एक बोल्ट, दुसरा, मग पलीकडच्या बाजूचे. शेवटच्याला लसाद कण्हला, इतका जोर लावला. आणि खालून त्याचा आवाज आला, "आई, जरा आणखी बसा, पुन्हा एकदा बघतो." हाज अम्मारही दोनदा बघायचा. हे लसादला कोणी सांगितलं नव्हतं.

ईद आली. गाड्या रात्रंदिवस धावल्या. मी मेंढा कापला, मांस वाटलं, कुसकुस वाफवलं, पण कान रस्त्याकडे. पहिला दिवस गेला, तिसरा गेला. समोरच्या गॅरेजवाल्याने दारात खुर्ची टाकली होती, आमच्याकडे तोंड करून.

ईदेनंतर पाचव्या दिवशी कोपऱ्यावरून हॉर्न वाजला. लांबलचक, लग्नाच्या वरातीसारखा. बलगासमची गाडी आली, धुळीने पांढरी, टपावर मेंढ्यांच्या लेंड्या अजून तशाच. एकोणचाळीस फेऱ्या झाल्या होत्या. गाडी थांबवून त्याने चाकं वळवली आणि डाव्या टायरवरून हात फिरवला, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मग नूरीचा हात धरून फिरवला. मग येईल त्याचा. टायर सगळीकडून सारखा. कुरकुर नाही, खट नाही. त्याच्या मागे आणखी चार गाड्या रांगेत उभ्या होत्या, पुढचं काम करून घ्यायला. समोरच्याने आपली खुर्ची उचलली आणि आत नेली.

लसाद खड्ड्यात होता. गळ्यापर्यंत काळा, केसांत ग्रीस, आणि काठावरून माझ्याकडे असा बघत होता की जणू भिंतीवरचं प्रमाणपत्र अजून मिळायचंच आहे. हनूना माझा हात दाबायला पुढे आली. मी हात मागे घेतला आणि अकरा ड्रायव्हरांच्या देखत बोलले.

"लसाद, तुझं काम हाज अम्मारपेक्षा स्वच्छ आहे, आणि हे मी त्याच्याच खड्ड्याच्या काठावर उभी राहून सांगते. लिफ्ट राहू दे, सायलेन्सर बदलायला बरी आहे. पण पुन्हा कधी या दुकानात काही बुजवायचं मनात आलं, तर आधी मला त्यात बसव आणि मग सिमेंट ओत."